पहिली सीडी

समुद्रपूर,
१७ ऑगस्ट २००४

सोनम,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. इकडे सगळे ठीक. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे, काठीशिवाय चालतात. तू विचारलं नाहीस, तरी कळवते.

तुझं कार्ड मिळालं. 'तिन्ही सीड्या पाठवल्या होत्या, नीट शोध. नाहीतर जुनीच लाव आणि इंटरनेटवरून अपडेट करून घे.' चार महिने नागपूरला राहून इतकं विसरलीस? आपल्या कॉम्प्युटरच्या वर्गातला फोन, ज्यावर इंटरनेट चालतं, दहा मिनिटांत कटतो. अर्धी फाइल उतरते, मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तर ठरलं होतं ना, आपले कॉम्प्युटर ज्यावर चालतात त्या लिनक्सची नवी आवृत्ती निघाली की तू तिकडे सीड्या भरून अकराच्या एसटीच्या कंडक्टरकडे, प्रेमदासजींकडे द्यायच्या आणि मी स्टँडवर जाऊन घ्यायच्या. सल्ला द्यायला तुझं काय जातं?

परीक्षा मंडळाला नवीच आवृत्ती हवी आहे. सव्वीस तारखेला तपासनीस येऊन दोन्ही कॉम्प्युटर बघणार, मगच आपल्या वर्गाला केंद्र मिळणार. नाही मिळालं तर अकरा मुलींना परीक्षेला वर्ध्याला जावं लागेल. शकुंतलाबाईंनी आत्ताच सांगून टाकलं, "माह्या पोरीले मी वर्ध्याले नाई पाठवत." बाकीच्या घरांतही तेच चाललंय.

झालं ते असं. माझ्याकडे दुसरी आणि तिसरी सीडी होती, पहिली नव्हती. मी मागच्या वेळची जुनी पहिली घातली. तीनपैकी दोन नव्या, निभावून जाईल असं वाटलं. त्या जुन्या सीडीने दोन्ही मशीन पुसून कोरी केली आणि दुसरी मागितली. नवी दुसरी दिली, तर ही ती सीडी नव्हे म्हणे. ओढणीने पुसून चारदा घातली. मुली मागे उभ्या होत्या. ज्यांच्या खोलीत आपला वर्ग आहे ते रूपराव दारात येऊन म्हणाले, "काय झालं वं सपना, बंद पडून राह्यलं का?"

मी म्हटलं, "सोनमनं दोनच पाठवल्या."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. देवकाबाई, तुझी आई, बूथवर जाऊन तुला फोन करून आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. "माही पोरगी तीन पाठवल्या म्हन्ते. मंग एक गेली कुठं?" मी त्यांना पाणी दिलं. 

पाकिटात तीनच होत्या, सोनम. वर तुझी चिठ्ठी होती. पुण्याला नोकरी पक्की झाली, एक सप्टेंबरला जातेय, आता वर्ग तूच सांभाळ. दोघींनी मिळून उघडलेला वर्ग, पाटी तुझ्या हाताने रंगवलेली, आणि सोडलास चार ओळींत. त्याही कंडक्टरच्या हाती धाडलेल्या. चिठ्ठी वाचताना पहिली सीडी माझ्या हातात होती. मी ती स्टँडवरच मोडली. प्रेमदासजींनी पाहिलं.

मला तुझा भयंकर राग आला होता, अजूनही आहे. सीडी मोडल्याची माफी मागत नाही. पण तुझं नाव मी खराब केलं, ते त्या रागात बसत नाही. आज सकाळी तुझ्या घरी जाऊन हे पत्र आईंना इथवर वाचून दाखवलं. त्यांनी निवडत्या तांदळातला एक खडा काढून टाकला. मग म्हणाल्या, "तिले लिहिलं ते ठीक हाय. गावाले कोन सांगन?"

दुपारी मी रूपरावांना सांगितलं, मग वर्गात सगळ्या मुलींना सांगितलं. एक जण हसली. बाकीच्यांनी वह्या उघडल्या.

आता फक्त पहिली पाठव, नवी, आणि सोबत चिठ्ठी नको. उद्यापासून रोज अकराच्या एसटीला मी स्टँडवर उभी असेन. तुझ्यासाठी नाही, त्या अकराजणींसाठी.

नाही पाठवलीस, तर गावाला मी जे खोटं सांगितलं ते तू खरं करशील.

सीडी मोडणारी,
सपना