लाल गाडीचे खरे ॲव्हरेज

॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥

मी, शिवलिंगअप्पा बसवंतअप्पा कापसे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा बी-बियाणे व खतांचा व्यापार, राहणार बाजारगल्ली, सिरसाळा, तालुका परळी वैजनाथ, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतः बसून, कोणाच्या धाकाने अथवा लाडीगोडीने नव्हे, लिहून ठेवीत आहे. वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता. त्यात ‘माझी प्रकृती उत्तम असून’ असे शब्द होते. ते मी खोडले, कारण ते खरे नाही. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टर ऋतुजा यांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदय ठिकाणावर नाही.

हे लिहिण्याची घाई का, तेही सांगतो. मला भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणतो, “अप्पा, दोन महिन्यांत ठणठणीत व्हाल.” माझा मुलगा केदारनाथही तेच म्हणतो, आणि तो मायेने म्हणतो याबद्दल मला शंका नाही. मुलगी कावेरी मात्र रिपोर्ट वाचून माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, “अप्पा, हृदय लई थकलंय. औषधानं चालंल, पण किती चालंल ते कुनी सांगू शकत न्हाई.” मग ती रडली. गाडीच्या ॲव्हरेजच्या भाषेत बोलायचे तर बाकीच्यांनी मला कंपनीचा आकडा सांगितला, तिने रस्त्याचा सांगितला. म्हणून हा कागद आज होतो आहे.

कलम १. माझ्या देहाला आमच्या रीतीप्रमाणे रुद्रभूमीत समाधी द्यावी. माझी पत्नी कै. महादेवी हिच्या शेजारी जागा राखलेली आहे. देह पायी न्यावा. पुढे-मागे गाड्यांचा ताफा नको, हॉर्न नको. मी व्यापारी माणूस, निवडणूक कधी लढलो नाही.

कलम २. बाजारातील दुकान, त्यातील माल व मागील गोदाम ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून ती सर्वस्वी केदारनाथ यास मिळावी. दुकान त्यानेच वाढवले. पहाटे उठून लातूर गाठणे, कंपन्यांच्या लोकांशी भांडणे, हे सगळे त्याने केले. एवढेच सांगतो की दुकानातला मोठा काटा वर्षातून एकदा तपासून घेत जा. मापात पाप नको, हे माझ्या वडिलांनी मला सांगितले आणि मी तुला सांगितले. पोत्याच्या बाबतीत तू ते पाळतोस. गाडीच्या बाबतीत पाळत नाहीस, त्याबद्दल पुढे लिहितो.

कलम ३. माझ्या नावावर दोन मोटारगाड्या आहेत. एक काळी, डिझेलवर चालणारी. दुसरी लाल, पेट्रोलची, रुंद टायरांची, टर्बोवाली, जमिनीला घसटत जाणारी. एवढ्या लहान गावात असल्या पळणाऱ्या गाड्या कशाला, असे पुष्कळांनी विचारले. हौस म्हणून. आयुष्यभर चुरमुऱ्यावर दिवस काढले, दारू नाही, पत्ते नाहीत. साठी ओलांडल्यावर वाटले की एकदा गाडीचा खरा वेग पाहावा. पण वाण्याचा जीव जातो कुठे? गाडी सुसाट पळाली की पहिला प्रश्न तोंडात, ॲव्हरेज काय पडले. हत्ती घ्यायचा आणि चारा किती खातो म्हणून रोज मोजायचे, असे महादेवी मला चिडवायची.

आपल्या जिल्ह्यात गाडी नवी असो, जुनी असो, लोक पाया पडायच्या आधी ॲव्हरेज विचारतात, आणि गाडीवाला चार-पाच वाढवूनच सांगतो. मुलाचा पगार सांगावा तसे. मी डिझेलचे चोवीस सांगायचो. केदारनाथ लाल गाडीचे अठरा सांगायचा. शोरूमवाल्याने याहून जास्त सांगितले होते, त्या मानाने आम्ही दोघे सज्जनच म्हणायचे.

कावेरी बीडच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवते. एका दिवाळीच्या सुट्टीत ती म्हणाली, “अप्पा, एकदा खरं बघू की.” तिने टाकी ते टाकी ही रीत धरली. पंपावर नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, गाडी चालवायची, परत येऊन त्याच पंपावर तशीच भरायची, आणि चाललेल्या किलोमीटरला आत गेलेल्या लिटरने भागायचे. समोरच्या पडद्यावर जो आकडा दिसतो त्याच्यावर तिचा विश्वास नाही. तो पडदाही आपल्यासारखाच थोडे वाढवून सांगतो.

सिरसाळ्याहून तेलगाव, धारूरचा घाट चढून उतरून, पुढे बीडवरून गेवराई आणि तसेच परत. एका दिवशी काळी, दुसऱ्या दिवशी लाल. मी दोन्ही वेळा शेजारी बसलो होतो. ती वाट माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी आहे, हे इथे लिहून ठेवतो. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत जायचे, मग रस्ता मोकळा झाला की पोरगी गेर उतरवून अशी काही गाडी काढायची की मी सीटला चिकटायचो. गतिरोधक आला की पुन्हा शून्यावरून सुरुवात. लाल गाडीचे पडले साडेबारा. काळीचे सतरा. नंतर तिने त्याच रस्त्यावर दोन्ही गाड्या पायाखाली अंडे ठेवल्यासारख्या चालवल्या, तर लाल पंधरापर्यंत गेली आणि काळी एकवीसपर्यंत. म्हणजे माझे चोवीस कोणत्याच रस्त्यावर नव्हते. मी म्हणालो, “मंग पळवायची कावून?” ती म्हणाली, “पळवायचीच, अप्पा. पन पळवून ॲव्हरेज मागू नये.”

काळी डिझेल गाडी केदारनाथ यास द्यावी. त्याचा लांबचा प्रवास असतो, डिझेल परवडेल ते त्यालाच. गावातल्या गावात फिरवू नये. धूर गाळणारी जाळी त्याने तुंबते, तिला अधूनमधून लांब पल्ल्याची धाव लागते. लाल गाडी कावेरी हिला द्यावी. तिचे पेट्रोल परवडत नाही हे ती सगळ्यांत चांगले जाणते, तरी तिला ती आवडते. अशा माणसाकडेच गाडी असावी.

कलम ४. माझे ड्रायव्हर आश्रुबा हे माझ्याकडे जीपच्या काळापासून आहेत. पाने, जॅक, हवा मोजायचे मीटर व सर्व अवजारे त्यांना द्यावीत. गोदामालगतची खोली त्यांना व त्यांच्या पत्नीला हयातभर राहायला द्यावी, केदारनाथने भाडे मागू नये. आश्रुबांना एक विनंती. घाट उतरताना न्यूट्रल करण्याची सवय सोडावी. धारूरच्या घाटात यावरून त्यांचे आणि कावेरीचे भांडण झाले होते. “न्यूट्रलमधी गाडी फुकट पळती, ताई,” असे त्यांचे म्हणणे. कावेरी म्हणाली, “फुकट न्हाई, काका. इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. गेर तसाच ठिवा, एक्सलेटरवरचा पाय काडा, मंग टाकीतून थेंब येत न्हाई, आन् ब्रेक बी तापत न्हाईत.” आश्रुबांनी मान डोलावली आणि पुढल्या वळणाला पुन्हा न्यूट्रल केले. मी मागे असताना माझा जीव मुठीत असायचा. आता मी नसेन, तरी ऐका.

कलम ५. माझा चुलतभाऊ शिवशंकर याने लाल गाडी लग्नाच्या वरातीसाठी नेली, रात्रभर एसी लावून जागेवर उभी ठेवली, टाकी कोरडी करून परत दिली आणि वर गावभर सांगितले की ही गाडी आठसुद्धा देत नाही. त्यास माझ्या मिळकतीतून काही नाही. त्याला मी माफ केले आहे. पण चावी देऊ नये.

कलम ६. सिरसाळा शिवारातील शेती वडिलोपार्जित आहे. तीत कावेरीचा हिस्सा कायद्याने तिचाच आहे, तो देणारा किंवा काढून घेणारा मी कोणी नाही. हे कलम लिहायचे कारण असे.

गेल्या उन्हाळ्यात केदारनाथने लाल गाडी विकायला काढली. गेवराईचे भगवानराव पाहायला आले. चहा झाला. त्यांनी ॲव्हरेज विचारले. केदारनाथ म्हणाला, “अठरा. डोळे झाकून.” कावेरी तेव्हा माझ्या तपासणीसाठी आलेली होती, तिथेच बसली होती. भगवानराव तिच्याकडे वळले, “ताई, तुमी बी चालविता म्हनं. तुमाला किती पडलं?” ती क्षणभर भावाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “साडेबारा. निवांत चालवली तर पंधरा. अठरा न्हाई देत, काका.”

भगवानराव चहा संपवून गेले. केदारनाथ म्हणाला, “तुला कुनी इचारलं व्हतं?” ती म्हणाली, “त्यांनी.” त्या दिवसापासून त्याने तिच्याशी बोलणे सोडले. भगवानराव मात्र आठवड्याने दुकानात आले आणि सरकीचे बियाणे घेऊन गेले. मला म्हणाले, “अप्पा, ज्या घरची पोरगी गिऱ्हाइकाला खरं सांगती, तिथलं बियानं मी उकलून बघत न्हाई.” ते आजही आमचे गिऱ्हाईक आहेत. केदारनाथला हे माहीत आहे.

यंदाच्या भाऊबीजेला कावेरी आपल्या पतीसह, सोमनाथरावांसह, आली. केदारनाथही आला, मला बरे वाटले. तिने त्याला ओवाळले. त्याने खिशात हात घातला आणि ताटात ओवाळणी टाकायच्या जागी हक्कसोडपत्राचा कागद पुढे केला. म्हणाला, “तुमच्या दोघांच्या नोकऱ्या हायेत. तुला जमीन कावून पायजे? सगळ्या बहिनी सही करत्यात. सही कर, माहेर हायेच तुला.”

आपल्याकडे हे असेच चालते. हिस्सा सोडायचा आणि त्या बदल्यात साडी-चोळी आणि उघडे दार घ्यायचे. कावेरीने पेन मागितले. मला म्हणाली, “करते सही, अप्पा. मला यायला-जायला येवढी एकच जागा हाय.” जिने परक्या माणसापुढे साडेबाराचे साडेबारा सांगितले, तिच्या तोंडून मला हे ऐकावे लागले. तिला जमीन नको होती, हे खरेच. तिला फक्त दार बंद व्हायची भीती होती. मी म्हणालो, पेन ठेव. केदारनाथ न जेवता उठून गेला.

कलम ७. बँकेतील ठेवी दोघांत सारख्या वाटाव्यात. महादेवीचे दागिने तिने हयातीतच वाटले, त्यावरून कोणी बोलू नये.

कलम ८. बाजारगल्लीतील माझे राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, वरची पत्र्याची खोली आणि न्हाणीघर, हे मी स्वतःच्या कमाईने बांधलेले असून ते पूर्णपणे कावेरी सोमनाथ निलंगे हिच्या नावे करीत आहे. केदारनाथला परळी रस्त्यावर स्वतःचा बंगला आहे. माझ्या माघारी हे घर पाडून तिथे गोदाम करण्याचा त्याचा विचार होता, तो त्याने सोडावा.

कावेरी, आता तू शेतीच्या कागदावर सही कर किंवा नको करू, ती तुझी मर्जी. पण माहेरासाठी करू नकोस. माहेर कोणाच्या मेहेरबानीवर ठेवण्याची गरज उरलेली नाही. ते तुझ्या नावावर आहे, किल्ली तुझ्याकडे राहील.

केदारनाथ, हे वाचून तुला राग येईल. तू माझा मुलगा आहेस, माझा तुझ्यावर जीव आहे आणि दुकान तुझ्या हाती देताना मला कसलीही काळजी वाटत नाही. तुझ्याकडून काही काढून घ्यावे म्हणून हे लिहिलेले नाही. तू जे दार तिला दाखवून सही मागितलीस, ते दार तुझ्या हाती ठेवले असते तर तुम्ही दोघे एकमेकांना गमावून बसला असता.

कावेरी, घराला एकच अट घालतो, वकीलसाहेब म्हणतात ती कायद्यात टिकणार नाही, तरी घालतो. केदार दारात आला तर कशाला आला म्हणून विचारू नकोस. आत घे, जेवायला वाढ. गडीमाणसाला माहेर नसते असे म्हणतात, पण आई-बाप गेल्यावर त्यालाही कुठेतरी जावेसे वाटते. आणि केदार, तू जाण्यात कमीपणा मानू नकोस. आपली जुनी रीत तीच आहे. भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी जातो.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी भगवानराव यांनी करावी. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझ्या मनासारखा आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

सही
शिवलिंगअप्पा बसवंतअप्पा कापसे

साक्षीदार
१. भगवानराव, राहणार गेवराई. लिहून देणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. त्यांचे बोलणे स्वच्छ होते.
२. डॉक्टर ऋतुजा, सिरसाळा. लिहून देणाऱ्यांना सर्व मजकूर समजतो, याची मी खात्री केली आहे.

ठिकाण : सिरसाळा
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५, कार्तिकातला शेवटचा सोमवार