सुलीचं कोकरू नि माझा शांपू

४ डिसें., गुरु.
पोचलो घरी. वापी ते सोलापूर गाडी, तितनं कुंभारीपतूर वडापच्या जीपला लोंबकळत. अकरा महिन्यांनी दहा दिवस सुट्टी.
मोत्यानं वळखलं न्हाय. दारातच भुंकला. आय म्हणाली, "कसला रं वास मारतोयस, नवरदेवावानी?" कंपनीत शांपूच्या बाटल्या भरतो, काय करणार. कातड्यात मुरलाय.
पण बातमी! सुली शाळेच्या कृषी मंडळाची प्रमुख झाली!! नववीत. पोरांनी मतं दिली. दहावीचा सिद्धाराम पडला. आमच्या घरात आजपतूर कोन कशात निवडून आलं न्हवतं. मी अंगणात दोन उड्या मारल्या. आय म्हणाली, "खुळा झाला."
हितनं पुढं सुलीला सु. लिहिणार. हात भरून येतो.

५ डिसें., शुक्र.
सु.संगं शाळेत गेलो. आठवीत हीच शाळा कुंपणावरनं उडी टाकून सोडली. आज फाटकातनं आत!
मागच्या रानात पोरांनीच सगळं उभं केलंय. वाफे, गांडूळखत, ठिबक. कोपऱ्यात पत्र्याचं खोपट, त्यात आमची भुरी मेंढी. आबांनी कळप घेऊन अक्कलकोटकडं जायच्या आधी शाळेला दिली. परवा व्यायली. कोकरू काळं, कपाळावर पांढरा ठिपका. नाव टिकल्या. शेतीचे मठपती सर त्याला बोलवतात, "बा मरी, बा." त्यांच्या कानडीत पिल्लाला मरी म्हणत्यात.
जनावरांचा गट सु.नं भांडून काढलाय. मोठ्या सरांना पसंत न्हाय. त्यांनी सांगून ठेवलंय, एक जनावर दगावलं की गट बंद, नुसते तक्ते नि बियाणं. सु.नं समद्यांदेखत शबूद दिलाय. १२ ला सोलापुरात शाळांचा कृषी मेळावा, तितं टिकल्याला न्यायचं.
सिद्धाराम मला म्हणतो, "दादा, तुमची बहीण मेंढरांची आमदार." म्हटलं, तू तर मेंढरांकडनंबी पडलास. लई हसली पोरं.

६ डिसें., शनि.
सु.ला माझ्या लायनीवरचा शांपू दिला, गुलाबाचा. म्हणाली, सोमवारी तक्त्यासाठी टिकल्याचा फोटू काढायचाय. मी म्हटलं, "घाल की त्याला आंघोळ. चमकंल." दुपारी उन्हात धुतला. लई चमकला. पोरांनी आळीपाळीनं हुंगला. मीबी.

७ डिसें., रवि.
सकाळी सु. धापा टाकत. भुरी टिकल्याला पिऊ दीना. ढुशी मारती.
पळत गेलो. भुरीनं त्याच्या शेपटीखाली हुंगलं, नाक वर केलं नि लाथ घातली. तवा कळलं. मेंढी पोराला तोंडावरनं वळखत न्हाय, वासावरनं वळखती. हे मला चालाय यायच्या आधी ठाऊक. धनगराच्या पोटी जन्मून मी हेच इसरलो!
आबांना फोन लावला.
"धुतलं? कशानं?"
"शांपूनं."
"कुणाचं डोस्कं हे?"
"माझंच." आबांच्या मागं मेंढरांचा आवाज. मग म्हणाले, "आधी खोपटातल्या लेंड्यांच्या मातीत लोळवा. भुरीचंच दूध काढून पाठीला, शेपटीला चोळा. वर मीठ भुरभुरा. भुरीला दाव्याला बांधा. मिठासाठी चाटंल, चाटता चाटता वळखंल. आन् बिरा, तू लांब ऱ्हा. तुझ्या अंगालाबी त्योच वास असंल."

८ डिसें., सोम.
रात्रीपासनं बाटलीनं शेळीचं दूध पाजलं तर टिकल्याला हगवण. डोळे खोल गेलेत.
मठपती सरांचा मंडळाला नेम हाय, आधी चूक कबूल, मग हुकूम. सु.नं परिपाठाला समद्या शाळेपुढं सांगितलं, "टिकल्याला मी धुतलं. चूक माझी." मागनं सिद्धाराम, "आता पार्लर काढ!" शाळा खदखदली. सु. हलली न्हाय. म्हणाली, "काढीन. आधी दूध काढाय कोन येतंय ते सांगा." कोनच न्हाय. तिनं बोट केलं, "सिद्धाराम, तुझ्या घरी म्हशी हायत. चल."
गेला की! गुमान!
मोठे सर खोपटापाशी आले. "गुरुवारपर्यंत आईला पिलं न्हाय तर मेंढी घरी. गट बंद." मी कुंपणाभाईर हुतो. शांपू मी दिला हे सांगाय तोंड उघडलं. सु.नं डोळे वटारले.

९ डिसें., मंगळ.
मी कुंपणाभाईर, पोरं आत. हितनं वरडतो, तितं ती करतात. "मान धर! मान! शेपूट न्हवं!" सिद्धारामानं म्हशीवानी धार काढाय घेतली, भुरीनं त्याला शेणात बसवला. मग सु.नं दोन बोटांनी कसं ते दाखवलं. वाटीभर निघालं. चोळलं. मीठ टाकलं.
भुरीनं एकदा चाटलं. थुंकल्यागत केलं.
धरून ठेवून चार घोट पाजले. तेवढ्यावर टिकल्या हाय.

१० डिसें., बुध.
मी चार दिवस साबण लावला न्हाय. राखंनं अंग घासतो, जुनं घोंगडं पांघरतो. आय म्हणती, "आता माणसात आलास."
पोरांनी पाळ्या लावल्यात. वहीत लिहितात, किती डाव चाटलं, किती लाथा. सकाळी लाथा ९, चाटलं ३. दुपारी लाथा ४, चाटलं ११!! माझ्या लायनीवर बाटल्या मोजताना कदी असं काळीज उडलं न्हाय.

११ डिसें., गुरु.
पिला! पिला! दावं हुतं, पण कुनी धरलं न्हवतं. टिकल्याची शेपटी भिंगरीवानी. सिद्धाराम नाचला, मी कुंपणावर चढून नाचलो, कुंपणाचा खांब मोडला. मठपती सर म्हणाले, "जुनीच सवय तुझी." मोठ्या सरांनी आत डोकावून बघितलं. "उद्या बघू," एवढंच.

१२ डिसें., शुक्र.
सोलापूर. सात रस्त्यापास्नं जवळच मैदान. वीसेक शाळा. टेम्पोत भुरी, टिकल्या नि घसा बसलेली पोरं.
सु.नं पाटी लावली: हात लावू नका, आईला वास लागतो. तक्त्यावर चमकणारा फोटू न्हाईच, त्या जागी लाथांची वही टांगली. परीक्षक बाईंनी पुरती वाचली. "हे दुधाचं कुणी शिकवलं?" सु. म्हणाली, "आबांनी फोनवर, दादानं कुंपणावरनं." मी टेम्पोमागं लपलो.
मग मेळाव्याचे मुख्य पाव्हणे आले, हार घालून, अत्तर लावून. मागं मोठे सर. पाव्हणे म्हणाले, "वा, द्या इकडं, फोटो काढू," आन् टिकल्याकडं हात.
सु. मधी उभी ऱ्हायली. "साहेब, हात न्हाय लावायचा."
मोठे सर पांढरे. "सुलोचना!"
"सर, कालच पिलंय. अत्तर लागलं तर परत सोडंल त्याला."
सिद्धाराम पुढं आला, ह्यो सिद्धाराम! म्हणाला, "प्रमुखानं सांगितलं न्हवं? लांबनं काढा की फोटू." पाव्हण्यांनी हात मागं घेतला. हसले का रागावले, शपथ, कळलं न्हाय. वही चाळली, बाईंच्या कानाशी काय तरी बोलले, गेले.
टेम्पोत मोठे सर म्हणाले, "सोमवारी निकाल येईल. गटाचंबी सोमवारीच ठरवू." सु. कुंभारीपतूर वहीच चाळत बसली. टिकल्या मातूर आईखाली.

१३ डिसें., शनि.
मठपती सरांनी बोलावलं. "दर शनिवारी पोरांना मेंढरं शिकवाय येतोस का?"
"सर, मी आठवी सोडलेला."
"भुरीनं कुठं विचारलं?"
म्हटलं वापीस्नं शनिवारचा कसा यीन. म्हणाले, "गट ऱ्हायला तर जागा आहे. रोजाचं बघतो. नाही ऱ्हायला तर..."
सुपरवायझरचा फोन. मंगळवारी मशीनवर पायजे. हो म्हटलं. हो म्हणून दिवसभर रानात उगाच फिरलो.

१४ डिसें., रवि.
पिशवी भरलीय. गाडी दुपारची.
सकाळी सु. म्हणाली, "दादा, आज दावं तू सोड." म्हटलं, माझा वास? तिनं माझा हात हुंगला. "राखंचा येतोय."
आठवड्यानं परत कुंपणाच्या आत. दावं सोडलं. भुरी चार पावलं लांब गेली. टिकल्या वरडला. भुरी वळली, हुंगलं, माझ्याकडं बघितलं, मग पाय फाकवून उभी ऱ्हायली.
सु. उद्या ताठ मानेनं मोठ्या सरांच्या खोलीत जाणार, गटाचं विचाराय. वही घेऊन. सिद्धाराम संगं जातो म्हणाला. मी उद्या कुटं असंन, वापीला का हितं, ते...
मोत्या पिशवीवर झोपलाय. उठीना. गाडीला अजून दोन तास हायत.