कोपऱ्यातला आकडा

सातपूर, नाशिक
९ मार्च १९८७

आदरणीय दाजी आणि मालनताई यांस,
सावळीरामचा सप्रेम जय भीम.

तुम्ही दोघं आणि मुलं खुशाल असाल असं धरून लिहितोय. आम्ही बरे आहोत. कॉलनीत पाणी दिवसाआड येतं, धाकटीला दात येतायत, बाकी विशेष नाही. तीन वर्षांत माझं एकही पत्र वणीला आलं नाही, म्हणून ताईला नवल वाटेल. कामातून सवड नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो.

आज लिहायचंय ते आमच्या कंपनीत आलेल्या कॉम्प्युटरबद्दल. दाजी, तुम्ही होतात तेव्हा डिझाइन खात्यात ड्रॉइंग बोर्ड आणि कॅल्क्युलेटर, एवढंच होतं. आता मोठ्या साहेबांनी ठरवलं, की टाकी किंवा बॉयलर बनवायच्या आधी कॉम्प्युटरमध्येच त्याच्यावर भार टाकून बघायचा. लोखंड कापायच्या आधीच कुठे किती ताण येणार ते कळतं. मशीन निवडायचं काम माझ्याकडे आलं. दोन कंपन्यांनी आपापलं मशीन आठवडाभरासाठी आणून लावलं. त्यांच्यासाठी एक खोली एअरकंडिशनर लावून गार केली आहे आणि दारात चपला काढाव्या लागतात. साहेबसुद्धा मोज्यांवर आत येतात आणि आत आले की हळू बोलतात.

पहिल्या मशीनचा पडदा रंगीत होता. दुसऱ्याचा साधा, काळ्यावर हिरवी अक्षरं. पण दुसऱ्याची मेमरी पहिल्याच्या कितीतरी पट होती आणि आकडेमोडीसाठी त्यात वेगळी चिप होती. हे सगळं कशाला लागतं ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. दोन्ही कंपन्यांची माणसं म्हणाली, चाचणीसाठी तुमची एखादी वस्तू द्या. मी भार पेलणाऱ्या एका लोखंडी ब्रॅकेटचं ड्रॉइंग दिलं.

हे मशीन वस्तूचे बारीक तुकडे पाडतं, नुसते हिशेबात. प्रत्येक तुकडा शेजारच्याला किती ओढतो याची समीकरणं मांडतं आणि सगळी एकत्र सोडवतं. तुकडे जितके बारीक, तितकं उत्तर खऱ्याच्या जवळ, आणि तितकी मेमरीही जास्त. रंगीत मशीनमध्ये नव्वद तुकडे मावले. दहा मिनिटांत चित्र उमटलं, निळं-हिरवं, मोराच्या पिसासारखं. कुठेही धोका नाही. साहेब खूश झाले, म्हणाले की बाहेरून पाहुणे आले तर दाखवायला छान आहे. माझ्या जुन्या हिशेबाचंही तेच उत्तर होतं, ताण चौरस मिलिमीटरला बारा किलो. मला खरं तर हायसं वाटलं.

दुसऱ्या मशीनमध्ये चौदाशे तुकडे गेले. सकाळी दहाला सुरू केलं. पडद्यावर काही हलत नव्हतं, नुसता पंख्याचा आवाज. त्या डब्याच्या आत हजारो समीकरणं सुटत होती. मी जन्मभर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो असतो तरी ती संपली नसती. दीड वाजता प्रिंटर वाजायला लागला. कागदाची लांबच लांब पट्टी जमिनीपर्यंत आली. मी खाली बसून पेन्सिलीने एकेक आकडा बघत गेलो. अकरा, बारा, बारा, तेरा. मग आतल्या कोपऱ्याजवळ एकोणीस, अठ्ठावीस, एकेचाळीस.

ते लोखंड पंचवीसला वाकायला लागतं.

दाजी, माझ्या अंगावर काटा आला. तीन मिलिमीटरचा तो कोपरा. मशीनला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याने ती जागा कधी पाहिली नव्हती, तरी बरोबर तिथेच बोट ठेवलं.

आता सांगतो. तो ब्रॅकेट म्हणजे तुमचाच. क्रेनने पत्रे उचलताना तुटला आणि तुमचा उजवा हात गेला, तो. ड्रॉइंग मी केलं होतं. आतल्या कोपऱ्याला गोलाई द्यायची असते, ती मी लिहायला विसरलो आणि वर्कशॉपमध्ये तो काटकोनात कापला गेला. अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी मी ड्रॉइंग काढून पाहिलं, तेव्हा ते माझ्या लक्षात आलं. चौकशीत तुम्ही सांगत होतात की वजन ठरल्याप्रमाणे चार टनच होतं. त्यांनी लिहिलं, ऑपरेटरने जादा भार उचलला. मी त्या खोलीत बसलो होतो. तुमच्या घरी राहून मी डिप्लोमा केला, तुमच्या शब्दावर मला इथे घेतलं, आणि मी गप्प बसलो. हिशेब तर बाराचाच येतोय, असं स्वतःला सांगत राहिलो.

शुक्रवारी साहेबांनी विचारलं, रंगीत सोडून हे साधं मशीन कशाला? मी कागद पुढे केला. त्यांनी विचारलं, "हा ब्रॅकेट कुठला?"

खोटं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "पुंजारामांचा. ड्रॉइंग माझं आहे. वजन जास्त नव्हतं."

त्यांनी एकेचाळीसच्या आकड्याभोवती पेनाने गोल केला आणि म्हणाले, "लेखी देशील?" मी दिलं. साध्या मशीनची ऑर्डर गेली आहे. चौकशीची फाइल पुन्हा उघडली आहे. माझ्या नोकरीचं काय होईल ते माहीत नाही.

माफी मागायला तोंड नाही. तुम्ही म्हणाल ते करीन.

तुमच्या घरचं मीठ खाल्लेला,
सावळीराम

वणी
२१ मार्च १९८७

सावळीराम,
जय भीम.

तुझं पत्र मालननं वाचून दाखवलं, मग मी दोनदा वाचलं. हे डाव्या हातानं लिहितोय. तीन दिवस लागले, अक्षर समजून घे.

मालन रडली. मला राग आला, तो अजून हाय. चौकशीत मी चार टन म्हणालो, तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं. पण सगळ्यांनी इतक्यांदा सांगितलं, की पुढं मलाच वाटाया लागलं, आपलंच मोजायचं चुकलं असंल. रानात काम करतानाबी मी ते पत्रे मोजायचो. हात लोखंडानं नेला. पण माझा माझ्यावरचा भरवसा गेला, हे तू केलंस.

एक मात्र लय नवल वाटलं. वीस वर्षं मी लोखंड उचललं. आवाजावरून कळायचं मला, कुठला साखळदंड दमलाय. पण लोखंडाच्या आत काय चाललंय ते कधी दिसलं नाय. ते न तोडता कागदावर येतं म्हणतोस. माणसानं केलंय का हे, असं मालन विचारत होती. मला तो कागद बघायचाय. तो आकडा माझ्या डोळ्यानं वाचायचाय.

सोमवारी सकाळच्या एसटीनं येतो. कंपनीच्या गेटाजवळच्या फळ्यावर माझ्या नावाची नोटीस लावली होती, जादा भार उचलला म्हणून, आठ दिवस. त्याच फळ्यावर तू लिहून दिलेलं लाव. शिपायाला सांगू नको, तू स्वतः लाव. पाळी सुटायच्या वेळी. मी शेजारी उभा राहीन.

तुझा दाजी, असं लिहाया आज हात वळत नाय.

पुंजाराम
क्रेन ऑपरेटर