चार नंबरच्या पंपाची ओळख

मंगळवार, १९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. तुझ्या दोन्ही पोरींना पापा, आता त्या पापा घेऊ देण्याच्या वयाच्या राहिल्या नसतील म्हणा. इकडे सगळं ठीक आहे. पत्रात असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आईचे गुडघे कुणाचं ऐकत नाहीत आणि आई गुडघ्यांचं ऐकत नाही, त्यामुळे दिवसातून चार वेळा जिना चालूच. मला विचारशील तर थकलेय. सकाळी उठतानाच थकलेली असते, मग दिवसभर नवीन काही थकवा येत नाही, तेवढीच सोय.

तीन वर्षांनी पत्र बघून तुझ्या कपाळावर आठी पडली असेल. फोन करणार होते. पण तू उचलला असतास तर काय बोलायचं ते सुचेना, आणि उचलला नसतास तर त्याहून वाईट, म्हणून कागद घेतला.

ऑफिसात तुझ्या खुर्चीवर मी बसते. पाणीपुरवठ्याचे सहाच्या सहा पंप आता माझ्या गळ्यात. खुर्ची अजून डावीकडे कलते. नवीन मागितली की साहेब म्हणतात, "बघू." तेही अजून तसेच. दोन नवीन इंजिनिअर दिलेत, हुशार आहेत, पण इतकं भरभर बोलतात की मला दम लागतो. परवा त्यांनी तुझा सी भाषेतला कोड उघडला आणि विचारलं, "मॅडम, कंट्रोल रूम आणि पंप एकमेकांना ओळखतात तरी कसे?" मी तू मला सांगायचास तसंच सांगितलं. म्हटलं, दोन अनोळखी माणसं दाराच्या दोन बाजूंना उभी आहेत असं समजा. एकानं दाराखालून चिठ्ठी सरकवायची, दुसऱ्यानं ती तपासून आपली चिठ्ठी सरकवायची. असं चालू ठेवायचं. दर चिठ्ठीनंतर प्रोग्रामला तीनपैकी एक उत्तर मिळतं: पूर्ण झालं, अजून बाकी आहे, किंवा चूक. दोन्हीकडे 'पूर्ण' येईपर्यंत कडी काढायची नाही, कोणी कितीही ओळखीच्या आवाजात हाक मारली तरी. पोरं खूश झाली. मी तुझं नाव घेतलं नाही.

त्यावरून एक विचारायचं होतं. समजा कंट्रोल रूमकडे 'पूर्ण' आलं, पण पंपाकडे अजून 'बाकी' आहे. असं झालं तर चूक कुठे शोधायची? मला वाटतं कंट्रोल रूमच्या बाजूला, पण तू सांगितलंस तर बरं.

आता मुद्द्याचं. तंत्रशाळेतून ऑफिसला पत्र आलंय. तू तिथे शिकवायच्या जागेसाठी अर्ज केलास हे त्यावरूनच कळलं, आई बोलली नाही. त्यांना तू पसंत आहेस. फक्त चार नंबरच्या पंपावरच्या त्या अपघाताचं त्यांच्या कानावर गेलंय. विचारलंय की, "सदर गृहस्थांच्या निष्काळजीपणाबाबत आपले मत कळवावे." महिनाअखेरपर्यंत उत्तर हवंय, आणि ते तुझ्या जागेवर जो बसतो त्यानं द्यायचं. म्हणजे मी.

काळजी करू नकोस. मी चांगलंच लिहीन. वीस वर्षांची नोकरी, एक डाग सोडला तर कामात वाघ, असं काहीतरी. कसं लिहू ते तू कळवलंस तर तसं लिहीन. दोन ओळी पुरेत.

तुझी बहीण

०

बुधवार, २७ मार्च

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही हे मला पत्र पेटीत टाकतानाच माहीत होतं. 'एक डाग सोडला तर' असं लिहायची माझी हिंमत तरी बघ. ते वाचून तू कागद टेबलावर पालथा ठेवून उठून गेला असशील. रागावलास की तू असंच करतोस.

जे विचारलं त्याचं उत्तर मला येतं. आठ वर्षांपासून हेच काम करते, येणारच. गेल्या आठवड्यात मी तुला जे विचारलं ते विचारायचं म्हणून विचारलं, कारण जे सांगायचं होतं ते तोंडातून फुटत नव्हतं. आता फुटतंय तेवढ्यात लिहून टाकते. मध्ये थांबले तर पुन्हा गुडघ्यांवर येईन.

बाबांचं ऑपरेशन होतं तो दिवस. सकाळी साडेनऊला दवाखान्यातून फोन आला, लवकर या, आधीच आत नेतायत. तू बॅग उचललीस आणि पळालास. आई तिथेच होती. मला म्हणालास, "तू इकडचं बघ, मी तिकडचं बघतो." तुझा कॉम्प्युटर तसाच उघडा राहिला.

अकरा वाजता चार नंबर अडला. त्याच आठवड्यात आपण तिथे ओळख पटवायची नवी पद्धत बसवली होती ना, जुनीपेक्षा एक चिठ्ठी जास्त असलेली. कंट्रोल रूम म्हणतेय पूर्ण, पंप म्हणतोय अजून बाकी. पंप कुणाचं ऐकेना. टाकीची पातळी खाली चाललेली, अर्ध्या गावाचे फोन, आणि साहेब माझ्या मागे उभे. "झालं का? झालं का?" दर मिनिटाला. निम्मं लक्ष दवाखान्यात.

मी तुझ्या खुर्चीवर बसले. पंपाच्या कोडमध्ये तुझी ती ओळ होती: उत्तर 'पूर्ण' नसेल तर पुढे जाऊ नको. मी ती बदलली. उत्तर 'चूक' नसेल तर पुढे जा, असं केलं. 'अजून बाकी' म्हणजे चूक नव्हेच की. पंप लगेच सुरू झाला. साहेब म्हणाले, "शाब्बास." बदल नोंदला गेला तुझ्या नावावर, कारण लॉगिन तुझं होतं. आयुष्यभर कोण कोण आहे ते तपासायचे प्रोग्राम लिहिले आपण, आणि मी दुसऱ्याच्या नावानं बसून ओळ लिहिली. तेव्हा हे डोक्यातही आलं नाही. वाटलं, वेळ मारून नेऊ, उद्या नीट करू.

चौथ्या दिवशी बाबा गेले. निमित्त सांगत नाहीये, दादा. पण ती ओळ माझ्या डोक्यातून पार पुसली गेली, हे खरं आहे.

आणि मुळात चूक तुझ्या कोडमध्ये नव्हतीच. माझ्यात होती. कंट्रोल रूमची बाजू माझी. माझ्याकडे 'पूर्ण' आलं की मी चिठ्ठ्यांच्या लूपमधून बाहेर पडत होते, आणि शेवटची चिठ्ठी पाठवायचीच राहून जात होती. जुन्या पद्धतीत ती चिठ्ठी नसायचीच, म्हणून कधी कळलं नाही. माझं झालं म्हणजे समोरच्याचंही झालं, असं मी धरून चालले होते. पंप बिचारा वाट बघत होता. त्याचं बरोबर होतं.

पुढचं तुला माहीतच आहे, तरी लिहिते, कारण एकदा तरी माझ्या हातानं लिहिलं पाहिजे. सात महिन्यांनी ठेकेदाराच्या माणसानं तपासणीसाठी आपला लॅपटॉप जोडला. चार नंबरला पहिली चिठ्ठी पाठवली आणि लगोलग झडप उघडायचा हुकूम सोडला. त्याला वाटलं समोर खरा पंप नाही, चाचणीचा डबा आहे. तुझी ओळ असती तर पंपानं विचारलं असतं, तू कोण? माझ्या ओळीनं विचारलं नाही. एकदा ओळख धरली की पुढचे हुकूम तेव्हा साधेच जायचे, परत तपासणी नव्हती. झडप उघडली, आणि फिटरकाका खाली चेंबरमध्ये गाळ काढत होते.

दोन वेळा ऑपरेशन झालं त्यांच्या पायाचं. काठी कायमची लागली. आता त्यांना गेटवर रजिस्टर सांभाळायला बसवलंय, रोज सकाळी त्यांच्यासमोर सही करून मी आत जाते. मागच्या महिन्यात मला म्हणाले, "ताई, तुमचे बंधू बरे आहेत ना? त्यांना सांगा, माझा काही राग नाही त्यांच्यावर. माणूस चुकतो." मी "सांगते" म्हटलं आणि आत गेले. बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत बसले. सांगितलं मात्र नाही. कुठल्या तोंडानं सांगणार होते?

चौकशीच्या दिवशी त्यांनी तो नोंदीचा कागद तुझ्यापुढे ठेवला. तू नाव वाचलंस, मग तारीख वाचलीस. मग माझ्याकडे पाहिलंस. मी पाण्याचा ग्लास उचलून पीत राहिले, रिकामा होता तरी. तू म्हणालास, "माझ्या नावावर आहे म्हणजे माझंच आहे. कॉम्प्युटर उघडा सोडून जायला नको होता." सगळ्यांना वाटलं तू कबुली दिलीस. मला तेवढ्यात कळलं की तुला सगळं कळलंय. तरी मी मूग गिळून बसले. मला भीती वाटली. याहून शहाणं कारण तीन वर्षं शोधतेय, सापडत नाही.

तू राजीनामा दिलास, गाव सोडलंस, माझ्याशी बोलायचं सोडलंस. आणि मी लोकांना सांगत फिरले, दादा जरा चिडका आहे, मानी आहे. कमाल आहे माझी.

आता काय केलं ते ऐक. सोमवारी सकाळी दवाखान्याचा त्या दिवसाचा कागद शोधला. ऑपरेशनच्या संमतीवर तुझी सही आहे, वेळ घातलीय दहा चाळीस. ओळ बदलल्याची वेळ अकरा बावीस. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, तास तरी लागतो. दोन्ही कागद घेऊन साहेबांकडे गेले आणि सांगितलं, ही ओळ माझी.

साहेब पेन उघडत-मिटत बसले. मग म्हणाले, "अहो, फाइल बंद झालीय. आता कशाला उकरून काढता? तंत्रशाळेला चार शब्द बरे लिहा, त्यांचंही काम होईल, तुमचंही."

म्हटलं, "चार बरे शब्द नकोत, साहेब. त्यांनी दादाच्या निष्काळजीपणाबद्दल विचारलंय. तो निष्काळजी नव्हताच."

"तुमच्या मागेच उभा होतो ना मी," ते एकदम हळू आवाजात म्हणाले.

"हो. पण ओळ मी लिहिली."

त्यांनी फाइल परत उघडली. नाइलाजानं, पण उघडली. मी लेखी जबाब दिलाय, वर-खाली सही करून, दोन प्रती. एक ऑफिसात. दुसरी मी स्वतः जाऊन तंत्रशाळेच्या मुख्याध्यापकांच्या हातात दिली, दोन बस बदलून. त्यांनी माझ्यासमोर वाचली. मला बसायला सांगायचं विसरले. मग म्हणाले, "यांनी तेव्हाच का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "सांगितलं असतं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं." तुला ती जागा देतील की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्या कागदावर तुझ्या नावापुढे आता काही नाही.

मला येत्या सोमवारपासून घरी बसायला सांगितलंय, चौकशी होईपर्यंत. पोरांना तुझी मूळ ओळ परत घालायला लावली आणि माझी शेवटची चिठ्ठी पाठवायची दुरुस्तीही. सहाही पंप तपासून घेतले. फिटरकाकांना आज गेटवरच सांगितलं. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं, सहीसाठी. मी सही केली. त्यांनी ते परत आपल्याकडे ओढलं आणि रस्त्याकडे बघत बसले. राग नाही असं यावेळी म्हणाले नाहीत, आणि ते योग्यच आहे.

घरी आल्यावर आईला सांगितलं. वाटलं ती हादरेल, रडेल. ती भाजी निवडत होती, हात थांबलेसुद्धा नाहीत. म्हणाली, "मला माहीत आहे. तो दिवसभर माझ्याजवळ होता ना, खोलीबाहेर बाकावर. पाणी प्यायलासुद्धा उठला नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, तिला स्वतःहून सांगू दे, नाहीतर ते तिचं होणार नाही."

तीन वर्षं माझ्या शेजारी बसून जेवली ती, दादा. मला डबा भरून दिला, ताप आला तर रात्रभर उशाशी बसली, आणि तिला सगळं माहीत होतं.

मग तिनं आणखी एक सांगितलं. दर रविवारी तुझा फोन येतो आणि ती दार लोटून घेते. मला वाटायचं माझ्या कागाळ्या चालल्यात. बाहेर एवढंच ऐकू यायचं, "नाही रे, अजून नाही." मी समजायचे तिच्या गुडघ्याच्या डॉक्टरांचं काहीतरी. आज कळलं, फोन ठेवण्याआधी तू दर वेळी एकच विचारतोस, "तिनं सांगितलं का?"

मी हिशोब केला नाही, किती रविवार झाले त्याचा. करवला नाही. मला माफ कर असं म्हणायचा मला हक्क आहे का ते माहीत नाही, तरी म्हणते. माफ कर, दादा.

या रविवारी फोन कर. आई 'हो' म्हणणार आहे. मी दाराबाहेरच उभी असेन. बोलायचं असेल तर तिला सांग मला आत बोलवायला, नसेल तर तिच्याशीच बोलून ठेव.

जिची ओळ तू आपल्या नावावर घेतलीस ती,
तुझी धाकटी बहीण