वायर जाड, चित्र धुरकट

श्री. त्रिंबकराव, मुक्काम पिशोर, यांना बजाजनगरहून पुंजारामचा मनापासून रामराम.

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. भाऊबीजेला तुम्ही निघताना "पोचल्याचं कळवा" असं मीच ओरडून सांगितलं, तुम्ही कळवलंतही, आणि त्यावर दोन शब्द लिहायला मला थंडी सरत आणावी लागली. रत्नमालाबाईंचा गुडघा कसा आहे? तुमच्या गव्हाला पाणी चालू असेल. बांधावर जाताना बॅटरी घेऊन जात जा. थंडीत विंचू दगडाखाली असतो, उन्हाळ्यात दगडावर असतो (म्हणजे बेफिकीर राहावं असा महिनाच नाही). फोन सोडून पत्र का, असं मनात आलं असेल. गोष्ट फोनवर बोलण्यासारखी नाही. माझा फोनवरचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो, आणि तुमच्या सारजाअक्काचे कान अजून शाबूत आहेत.

आमची नात सायली जर्मनीला दवाखान्यात नर्सचं काम शिकायला गेली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दर रविवारी राजेंद्र त्याचा लॅपटॉप वायरीनं टीव्हीला जोडतो आणि पोरगी दारातून घरात आल्यासारखी मोठी दिसते. फोनच्या पडद्यावर सारजाबाईला तिचा चेहरा नीट समजत नव्हता, म्हणून पोरानं ही सोय केली. तुमच्या अक्काचा बाकीचा आठवडा म्हणजे त्या रविवारची तयारी. काय विचारायचं हे ती भाकरी थापताना पाठ करते.

दिवाळी झाली आणि ती म्हणू लागली, "पोरगी धुरात बसल्यागत दिसती. वाळली का भरली, कायबी कळत नाय." मला चांगलं दिसत होतं. राजेंद्रलाही. पण त्रिंबकराव, तुमच्या बहिणीची नजर तुम्ही लहानपणापासून जाणता. शिवेवरून येणारा माणूस कोण, हे ती नुसत्या चालीवरून सांगायची, आणि मी तोवर तो माणूस आहे का बैल हेच ठरवत असायचो. तेव्हा तिला धुरकट दिसतं म्हणजे ते धुरकट आहेच, आपल्यालाच कळत नाही, असं मी धरून चाललो.

आता मी शिकलो चौथीपर्यंत, पण विहिरीवरच्या मोटारीनं मला पुढचं सगळं शिकवलं. पातळ वायर घातली की मोटार गुरगुरते आणि पाणी करंगळीएवढं पडतं. जाड वायर घातली की धो धो. टीव्हीचं दुसरं काय असणार? लॅपटॉप ही विहीर, टीव्ही हा हौद. मी वाकून बघितलं तर मधली वायर बोटाएवढी सुद्धा नाही, आणि जर्मनीहून यायचं म्हणजे केवढा पल्ला! राजेंद्र म्हणाला, "अण्णा, ती काय मोटारीची वायर हाय का? तिच्यातून पाणी येत नाय." पण तो दिवसभर कंपनीत मशिनी दुरुस्त करतो. अशा माणसाला घरातली वस्तू बिघडलेली दिसत नाही, हा माझा अनुभव आहे.

म्हणून बस धरून पैठणगेटला गेलो आणि जाड वायर आणली. वरून सुताची वीण, बैलाच्या कासऱ्यासारखी. टीव्हीमागं ती वाकेचना, म्हणून टीव्ही भिंतीपासून पुढं ओढावा लागला आणि आम्ही सगळे मागं सरकून दाराशी बसलो. रविवारी सारजाबाई म्हणाली, "नाय बाई, उलट लांब गेली पोरगी." मग आणली सोनेरी टोकाची. डबीत मखमल घातलेली. मला फसल्याची धास्ती, म्हणून टोक आमच्या सोनाराला दाखवलं. त्यानं ते भिंगाखाली धरून विचारलं, "बाबा, टीव्हीचं नाक टोचायचं का?" ती लावून धुरकट ते धुरकटच. मग सगळ्यात नवी आणली, जिच्या खोक्यावरचा आकडा सगळ्यात मोठा. त्या आठवड्यात मला झोप नीट नव्हती. वाटायचं, एवढ्या जोराच्या वायरीनं टीव्ही फुटला तर? म्हणून मी घरातल्या सगळ्यांना चपला घालून बसवलं. काही फुटलं नाही. काही सुधारलंही नाही.

चौथ्यांदा गेलो तेव्हा दुकानदारानंच हात जोडले. "चचा, अब और नक्को लेव. तुमारे टीवी को पहलीच केबल बस थी." मी म्हणालो, मग एवढ्या भारी वायरी टांगल्यात कशाला? भला माणूस आहे, त्यानं मला स्टुलावर बसवून समजावलं. नवी वायर लागते ती टीव्ही नवा आणि डबाही नवा, पोरं खेळ खेळतात तसला असेल तेव्हा. लांब न्यायची असेल तर चांगल्यातली घ्यावी. बाकी साध्या वायरीतून चित्र येतं तसंच सोनेरीतून येतं. वायर खराब असली तर ठिपके चमकतात, पडदा मधेच काळा होतो, नाहीतर चित्र येतच नाही. "तुमारे कने काला होता क्या?" मी म्हणालो, नाही, धुरकट होतं. "धुरकट? वो वायर का काम नै चचा. किसकू दिखता धुरकट?"

मी म्हणालो, घरच्यांना. आणि तिथून उठलो.

बसमध्ये मी विचार करत आलो. माणसाकडून निरोप यायचा तेव्हा निरोप्याला जरीचा फेटा बांधला म्हणून निरोप गोड होत नव्हता. त्यानं नीट आणून पोचवला की त्याचं काम संपलं. पुढं ऐकणाऱ्याचं. एवढं साधं मला कळत होतं, आणि मी फेट्यावर फेटे बांधत होतो.

रविवार आला. पडदा लागला तेव्हा सायली चहा आणायला उठली होती आणि खुर्चीवर तिची खोलीतली मैत्रीण बसली होती, केरळची सोनिया. कुरळे केस, जाड चष्मा, अंगानं आपल्या सायलीच्या दुप्पट. सारजाबाई पुढं सरकली, कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "किती गं वाळलीस! केस पण गळालेत. तिथं भाकरी मिळत नाय व्हय?" ती पोरगी गुणाची. एक अक्षर न कळता "हां आजी, हां आजी" करून मान हलवत राहिली. मग बाजूनं सायलीचा आवाज आला, "आजी, मी इकडं हाय." राजेंद्र हसला. मी हसलो नाही. सारजाबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हणाली, "वायर बदला म्हणून कधीची सांगते."

त्रिंबकराव, त्यानंतर मला एकेक आठवू लागलं. डाळीत खडे लागत होते, म्हणून मी किराणावाल्याशी भांडून दुकान बदललं. सुयांची भोकं बारीक झालीत म्हणाली, मी मोठ्या भोकाच्या सुया आणल्या. भाऊबीजेला तिनं टिळा तुमच्या भुवईवर लावला आणि आपण सगळे हसलो. तुम्ही ओवाळणीत घातलेल्या मोरपंखी साडीला ती "मळकी" म्हणाली, म्हणून रत्नमालाबाई ती परत घेऊन गेल्या. त्यांनी मनात ठेवू नये. रंग तिला दिसलाच नव्हता. घरात मी सगळं बदललं, एक तिच्या डोळ्यात बघायचं राहिलं. मोतीबिंदू आहे, असं राजेंद्रही म्हणतो. पण दवाखान्याचं नाव काढलं की ती भांडी घासायला बसते, घासलेली सुद्धा. तुमच्या आईचा डोळा पूर्वी ऑपरेशनात कसा गेला हे तिनं पाहिलंय, ते तिच्या मनातून जात नाही. आता तसं राहिलेलं नाही, हे मी सांगून उपयोग नाही. मी सांगायला गेलो तर मीच घाबरतो, आणि ते तिला ऐकू येतं.

बाकी सगळे खुशाल.

आपला,
पुंजाराम

ता. क. खरं काम हे. एकदा येऊन जा. ती जगात फक्त तुमचं ऐकते. यंदाची ओवाळणी तुमच्याकडं राहिलीच आहे, तेव्हा डोळा दाखवणं हीच ओवाळणी समज, असं सांगून बघा. फोनवर मात्र डोळ्याचं अक्षर काढू नका. "वायर बघायला येतो" एवढंच म्हणा, मी समजेन.

ता. क. दुसरं. दर वेळी माझं पत्र ती तपासते, कारण ती सातवी आणि मी चौथी. यंदा म्हणाली, तुम्हीच वाचा. मी रामराम वाचला, विंचू वाचला, आणि एकदम खुशालीवर आलो. ती म्हणाली, "पानं उलटल्याचा आवाज लई झाला, वाचलं मात्र एवढंसंच." मी पानांची घडी घालू लागलो. मग तीच म्हणाली, "त्रिंबकला लिवा, येताना ती साडी घेऊन ये म्हणावं. डोळं झाल्यावर रंग बघीन."

तेव्हा त्रिंबकराव, साडी घरात आहे का रत्नमालाबाईंनी कुणाला देऊन टाकली, एवढं आधी कळवा. दिली असेल तर कुणाला दिली तेही कळवा, मी स्वतः जाऊन मागून आणतो. तिचं मन फिरायच्या आत, फोनवरच कळवा, आणि आता मोठ्यानं बोललात तरी चालेल.