एकच तक्ता, सगळा कारभार

२ जानेवारी
संकल्प: वाचनालयाचा कारभार मार्चअखेर कॉम्प्युटरवर. 'प्रभारी ग्रंथपाल' म्हणून सहा वर्षं काढली. अध्यक्ष म्हणाले, एकतीस मार्चला समितीपुढे चालवून दाखवा, मग 'प्रभारी' काढून टाकू. सहकारी बाई त्यांची कार्डं पुसत होत्या. सव्वीस वर्षं तेच. डाव्या खणात वाचक, उजव्या खणात पुस्तकं, मधल्या ट्रेमध्ये कोणी काय नेलं त्याच्या चिठ्ठ्या. चिठ्ठीवर नुसते दोन नंबर. कीव आली.

५ जानेवारी
डेटाबेसवरचं पुस्तक स्वतःच्या नावावर घेतलं. चारशे पानं. रोज वीस वाचली तरी महिन्यात हातखंडा.

९ जानेवारी
पान सहा. बाकीचं अनुभवातून येतं.
लेकीला फोन केला, ती कॉम्प्युटरच शिकते. म्हणाली, बाबा, तीन तक्ते करा. एक वाचकांचा, एक पुस्तकांचा, तिसऱ्यात कोणी काय नेलं, तेही फक्त नंबरांनी. एका घरात तीन चुली कशाला? मी एकच तक्ता केला. पुस्तक बाहेर गेलं की एक ओळ: नाव, पत्ता, फोन, पुस्तक, लेखक, तारीख. परत आलं की ओळ पुसायची. पाटी कोरी. शिक्षण फार झालं की साधं सुचत नाही.

११ फेब्रुवारी, दुपार
मान धरली आहे. निवृत्त चित्रकला शिक्षकांनी घर बदललं. त्यांच्याकडे चार पुस्तकं, म्हणून पत्ता चार ओळींत. दोन ओळींत बदलला, तेवढ्यात चहा आला. स्मरणपत्र जुन्या घरी गेलं. तिथले नवे भाडेकरू विचारायला आले, कुठलं पुस्तक? टपालखात्यात हल्ली लक्ष नाही कोणाचं.

२ मार्च
पान अकरा. खूण घालून ठेवली. डोळे थकतात.
बाईंना सांगितलं, एकतीसनंतर कार्डांचं कपाट अडगळीत. त्यांनी कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं.

२० मार्च
वार्षिक मोजणी जवळ आली. दरवर्षीप्रमाणे सूचना लावली: तीस तारखेच्या आत सगळी पुस्तकं जमा करावीत. दिवसभर ओळी पुसतोय. बोटं दुखतात, पण तक्ता हलका होतोय, कॉम्प्युटरही पळतोय.

३० मार्च
शेवटचे दोन वाचकही येऊन गेले. बाई म्हणाल्या, उद्याच्या आधी एकदा कॉम्प्युटरचा पडदा बघून घ्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला? लवकर घरी गेलो. शर्टाला इस्त्री.

३१ मार्च, संध्याकाळ
समितीपुढे तक्ता उघडला. एकच ओळ. माझं नाव, माझा पत्ता, डेटाबेसचं पुस्तक, पाच जानेवारी. चष्मा पुसून पाहिलं. तीच.
अध्यक्षांनी विचारलं, आपले बाराशे वाचक कुठे आहेत? म्हणालो, सगळ्यांनी पुस्तकं परत केली, त्यामुळे.
बाई हळूच म्हणाल्या, "पुस्तक परत आलं म्हणून माणूस जातो का हो?"
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.
बाईंनी खण उघडले. बाराशे चौदा वाचक, सगळी पुस्तकं, सगळे पत्ते. चित्रकला शिक्षकांचा नवासुद्धा, एकदाच लिहिलेला. माझ्या पाठीमागे त्या रोज कार्डं भरत होत्या. लेकीच्या तीन चुली सव्वीस वर्षं माझ्या खुर्चीमागे पेटलेल्या होत्या आणि मला धूरही दिसला नाही.
'प्रभारी'चं पुढच्या मार्चला बघू, म्हणाले अध्यक्ष.

२ एप्रिल
पुस्तक परत केलं. करण्याआधी पान बारा वाचलं. पहिलंच वाक्य: वाचक आणि पुस्तकं यांचे तक्ते वेगळे ठेवावेत.
सवयीने ओळ पुसली. तक्ता रिकामा. म्हणजे मीही नाही.
बाई म्हणाल्या, आहात की. डाव्या खणातून कार्ड काढून समोर ठेवलं. नाव शाईने, पुढे 'प्रभारी' पेन्सिलीने. सहा वर्षांपूर्वीच तसं लिहिलं होतं त्यांनी, खोडायला सोपं जावं म्हणून.