सवतीसाठी संगीत

३ फेब्रुवारी

घोड्याला संगीत हवंय! आणि ते मी करायचं!

सकाळी चहा घेताना हिने जाहीर केलं — १५ मार्चच्या स्पर्धेत ती ड्रेसाजची संगीतावरची फेरी करणार. म्हणजे घोड्याने साडेचार मिनिटं तालावर आखीव पावलं टाकायची आणि वर बसून हिने आपण काहीच करत नाही असं दाखवायचं. तुम्ही जन्मभर लोकांचे पियानो सुरात लावता, आमच्यासाठी एवढं कराल ना, म्हणाली. आमच्यासाठी! म्हणजे ती आणि तो. त्या घोड्याला मी मनातल्या मनात सवत म्हणतो. नर आहे, पण दुसरा शब्द सापडत नाही. त्याला "राजा, सोन्या" आणि मला "अहो, गॅस बंद केलात का?" डिसेंबरपासून तर हिची उशीही मागच्या खोलीत गेली. पहाटे पाचला उठून तबेल्यात जायचं असतं, तुमची झोप कशाला मोडू, म्हणते. मला कळतं हो सगळं. मी घोरतो.

बरं म्हणालो. संगीत झकास झालं तर उशी परत येईल, असा माझा भाबडा हिशोब.

६ फेब्रुवारी

रिंगणात सवतीच्या बाजूने धावत त्याची पावलं मोजली. दुडक्या चालीत मिनिटाला अठ्ठ्याहत्तर ढांगा. माझ्या किती ते मोजायला श्वासच उरला नव्हता. हिला शिकवणारे मास्तर कठड्यावर बसून सगळं बघत होते. मी पार मेटाकुटीला आल्यावर म्हणाले, लोक मोबाइलवर चित्रण करतात आणि घरी बसून मोजतात. आधी सांगायचं ना!

७ फेब्रुवारी

पाय!!

१५ फेब्रुवारी, रविवार

दुडकी चाल झाली. दौड झाली. दोन्ही पियानोवर अशा बसल्या की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. पण घोडं अडलंय ते मोकळ्या चालीपाशी. तिथे लगाम सैल सोडायचा आणि घोड्याने मान खाली लांबवून, जेवणानंतर फिरायला निघाल्यासारखं रमतगमत चालायचं. आमचा सवत चालतो ते मागे पोलीस लागल्यासारखा, मान आकाशात! मागच्या दोन्ही स्पर्धांत इथेच दहापैकी चार.

ही खाली उतरली ती डोळे पुसतच. यंदाही नाही जमलं तर मी स्पर्धा कायमच्या सोडणार, म्हणाली. सवत असला म्हणून काय झालं, हिचा जीव आहे त्याच्यात.

२२ फेब्रुवारी

तिसऱ्यांदा संगीत बदललं. दुपारी रिंगणाशेजारी खुर्ची टाकून ऐकत बसलो आणि माझीच मान पडली. जाग आली तर मास्तर, घोडा आणि घोड्यावरून ही — तिघंही माझ्याकडे टक लावून! मी घोरायला लागलो आणि म्हणे सवतीने मान सोडली, कान ढिले टाकले आणि रिंगणाच्या या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत आळसावल्यासारखा चालत गेला. मास्तरांनी घड्याळ लावून पाहिलं. दर चार ढांगांना एक घोरणं, पक्कं तालात.

तीस वर्षांत माझ्या तालाचं पहिल्यांदा कौतुक झालं, ते हे असं.

२३ फेब्रुवारी

हिला ते संगीतात घालायचंय. साफ नाही म्हटलं. माणसाला काही अब्रू असते की नाही!

२६ फेब्रुवारी

मित्राकडून डबल बासच्या जाड तारांवर हुबेहूब घोरणं वाजवून घेतलं. सवत फसला नाही.

१ मार्च, रविवार

जेवतानाही हिच्या मुठी लगाम धरल्यासारख्या आवळलेल्या. शेवटी अब्रू गेली खड्ड्यात! घोरतो म्हटलं.

३ मार्च

मुद्दाम घोरता येत नाही! माइक लावून आडवा झालो की डोळे टक्क उघडे. ही दाराबाहेर चवड्यांवर उभी. तासाभराने विम्याचं माहितीपत्रक वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर काम झालं.

५ मार्च

खात्री करावी म्हणून ते ध्वनिमुद्रण सवतीला तबेल्यातल्या त्याच्या खणात, एकट्याला ऐकवलं. ढिम्म! गवत चघळत राहिला. मग पाठ फिरवून लीद टाकली. हिला सांगायचा धीर झाला नाही.

१५ मार्च, रविवार

आठ! दहापैकी आठ!!

मोकळी चाल आली आणि चारी लाउडस्पीकरमधून मी घोरू लागलो. शेजारच्या बाई कोण झोपलंय ते वाकून वाकून शोधायला लागल्या. मी आपला बुटांच्या नाड्या तपासत राहिलो. हळूच वर पाहिलं तर हिचे खांदे सैल सुटलेले, आणि सवतीची मान वाळूला टेकेल इतकी खाली. मला रडूच आलं, काय लपवायचं! नंतर परीक्षक बाई मुद्दाम येऊन विचारू लागल्या, मधे ते कुठलं वाद्य वापरलंत? ही घोड्याचा घाम पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "घरचंच आहे."

१६ मार्च

मास्तरांना खणातला प्रकार सांगून टाकला. त्याला एकट्याला ऐकवलं तेव्हा ढुंकून पाहिलं नाही, मग काल काय चमत्कार झाला? ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच घोडा.

"अहो, त्याला तुमच्या घोरण्याशी काय घेणं? त्याला फक्त पाठीवरचं माणूस कळतं. ते सैल झालं की तो सैल."

१७ मार्च

दुपारी घरी आलो तर हिची उशी आमच्या पलंगावर. का, म्हणून विचारलं. पाठमोरीच म्हणाली, "मागच्या खोलीत झोप लागत नाही हो मला. डिसेंबरपासून."